बदलापूरची वेबसाइट आणि बिनसेनापतीच्या फौजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी बदलापूरची, एमपीएससीची तयारी करते. अंतर्गत सुरक्षेच्या पुस्तकांत ‘बिगर-राज्य घटक’ हा शब्द सारखा येतो आणि त्याखाली अतिरेकी, हॅकर, ठग, आंदोलक सगळे एकाच पिशवीत कोंबलेले असतात. मे २०२५ मध्ये आमच्या कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाइट हॅकर गटांनी विद्रूप केल्याची बातमी होती. नगरपरिषदेच्या वेबसाइटवर हल्ला करून युद्धात कोणाला काय मिळतं? या गटांचा सेनापती कोण असतो? आणि सरकारकडे एवढं बळ असताना हे गट संपत का नाहीत?”

आधी माझी ओळख देतो, म्हणजे या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी प्राध्यापक नाही आणि पोलीसही नाही. राहतो ठाण्यात, कामाला महापेच्या एमआयडीसीत. सुरुवात वाशीत ब्रॉडबँडच्या तारा ओढण्यापासून झाली. आता बारा-तेरा वर्षं एका सुरक्षा केंद्रात आहे. बँका, कारखाने, एखाददुसरं रुग्णालय यांच्या सर्व्हरवर कोण काय करतंय हे चोवीस तास बघत बसणारी खोली. आमच्यात तिला ‘सॉक’ म्हणतात. त्यामुळे हे उत्तर पुस्तकी कमी आणि रात्रपाळीचं जास्त आहे. परीक्षेसाठी मुद्दे तुमचे तुम्ही पाडून घ्या.

७ मे २०२५ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि पुढच्या तीन-चार रात्री आमच्या खोलीत कोणी धड जेवलं नाही. त्यातली एक रात्र सांगतो. आम्ही काही टेलिग्राम चॅनेलांवर लक्ष ठेवून असतो. एकच्या सुमारास त्यातल्या एकावर झेंड्याचं चित्र, एक घोषणा आणि खाली सात-आठ भारतीय साइटची यादी पडली. यादीत आमचा एक क्लायंट होता. पाचेक मिनिटांत स्क्रीनवरचा आलेख भिंतीसारखा उभा राहिला. हजारो यंत्रांवरून एकाच वेळी येणाऱ्या खोट्या मागण्या, म्हणजे डीडॉस. ठाणे स्टेशनच्या पुलावर, ज्यांना कुठलीच गाडी पकडायची नाही अशी दोन हजार माणसं मुद्दाम आणून उभी केली तर नऊची फास्ट पकडणाऱ्याचं जे होईल, तेच साइटच्या खऱ्या ग्राहकाचं होतं. आमच्या पोराने ठरल्याप्रमाणे परदेशातून येणारी वाट बंद केली. आलेख खाली बसला. मुंबई, पुणे, नागपूर, कुठूनही साइट नीट उघडत होती.

तरीही बाराव्या मिनिटाला चॅनेलवर विजयाचा फोटो आला. एखादी साइट चालू आहे की बंद हे जगातल्या वेगवेगळ्या शहरांतून तपासून देणाऱ्या फुकट सेवा असतात. त्यांनी ती तपासणी लावली होती आणि झाडून सगळ्या परदेशी शहरांपुढे लाल खूण. येणारच, वाट आम्हीच बंद केलेली. अठराव्या मिनिटाला हल्ला थांबला आणि मंडळी यादीतल्या पुढच्या नावाकडे वळली. दीड वाजता क्लायंटच्या मॅनेजरसाहेबांचा फोन: “अहो, आपली साइट पडलीय. माझ्या मेव्हण्याने फोटो पाठवलाय.” साइट उघडून दाखवायला अर्धं मिनिट लागलं, त्यांची समजूत काढायला पाऊण तास. तोवर तो फोटो त्यांच्या संचालकांच्या ग्रुपवर पोचला होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत आहे. या जातीच्या गटांना साइट पडायला हवी असं काही नसतं. ती पडल्याचं चित्र हवं असतं, आणि ते चित्र फिरवायला आपला मेव्हणा हवा असतो. साइट विद्रूप करण्याचंही तसंच. यासाठी नगरपरिषदेची साइट फार सोयीची. पत्त्यात सरकारी शेपूट असतं, माथ्यावर राजमुद्रा असते आणि राखणीला बहुतेक वेळा कोणी नसतं. छोट्या संस्थांच्या साइट कंत्राटदार बनवून देतो, कंत्राट संपतं, तीन वर्षं कोणी प्लगइन (साइटला जोडलेली तयार सॉफ्टवेअरं) अपडेट करत नाही, ॲडमिनचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये राहतो. पलीकडच्या प्रेक्षकाला कुळगाव कुठे आहे हे ठाऊक नसतं. त्याला ‘भारत सरकारच्या साइटवर आपला झेंडा’ एवढंच दिसतं. विद्रूप केलेल्या पानांची नोंदवही ठेवणारी ‘झोन-एच’ नावाची साइट वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. पोरं तिथे आपला पराक्रम नोंदवतात, जिममध्ये वजनाचे आकडे लिहावेत तसे.

महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलीस विभागाने, त्या मे महिन्यात जो अहवाल दिला, त्यात सात गटांची नावं होती आणि सुमारे १५ लाख हल्ल्यांपैकी फक्त १५० यशस्वी झाल्याचं म्हटलं होतं. तुमची नगरपरिषद त्या १५० मधली. मुंबई विमानतळाचा डेटा चोरला, निवडणूक आयोगाची साइट फोडली असे दावे त्याच गटांनी केले होते, ते पोलिसांनी फेटाळले. परीक्षेत १५ लाखांचा आकडा लिहा, मार्क मिळतील. पण त्याने दबून जाऊ नका. दाराची कडी वाजवून पुढे गेलेला प्रत्येक जण या मोजणीत हल्लेखोर म्हणून येतो. माझ्या मते अभ्यास करावा तो त्या दीडशेंचा.

आमच्या ठाण्यालाही हे नवं नाही. जून २०२२ मध्ये, एका राजकीय प्रवक्त्याच्या विधानावरून वादळ उठलं होतं तेव्हा, ठाणे शहर पोलिसांचीच वेबसाइट हॅक झाली आणि पानावर भारत सरकारने माफी मागावी असा मजकूर झळकला. त्याच दिवसांत मलेशियातल्या एका गटाने भारताविरुद्ध मोहीमच पुकारली होती. कुठला कोणाचा हस्तक होता? बहुतेक कोणीच कोणाचा नव्हता. एकाने हाक दिली, बाकीच्यांनी जमेल तसे दगड उचलले.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड या संस्थेतले जॉन आर्किला आणि डेव्हिड रॉनफेल्ट यांनी अशा संघर्षांना ‘नेटवॉर’ असं नाव दिलं. नावावरून वाटतं तसा त्याचा इंटरनेटशीच संबंध आहे असं नाही. त्यांचा रोख माणसं एकमेकांना कशी जोडलेली आहेत यावर होता, आणि त्यांनी तीन घडणी सांगितल्या. पहिली साखळी: माल, पैसा किंवा निरोप हातोहात पुढे जातो, प्रत्येकाला फक्त शेजारचा माहीत. दुसरी चाकासारखी: आऱ्या अनेक, पण सगळ्या एकाच तुंब्याशी जोडलेल्या. तिसरीत प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलू शकतो, आठवडी बाजारासारखं. खऱ्या आयुष्यात या तिन्हींची भेळ असते. तुमच्या पिशवीत कोंबलेले सगळे या घडणीपुरते एकसारखे दिसतात. त्यांचं ध्येय, नीती, न्याय-अन्याय पूर्णपणे वेगळे. पुस्तकवाल्यांनी ही ओळ लिहायला हवी होती.

२६/११ घ्या. दहा माणसं, दोन-दोनच्या जोड्या, सीएसटी, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस, लिओपोल्ड. एकाच वेळी अनेक दिशांनी तुटून पडणं, म्हणजे थवा. पण हा थवा मोकळा नव्हता. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार इंटरनेट कॉलवरून त्यांना मिनिटामिनिटाला हलवत होते. म्हणजे चाकाची घडण. आणि त्या तुंब्याला मुंबई दिसत होती ती आपल्याच वृत्तवाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणातून. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना यावरून झापलं, आणि २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करणारं कलम आलं.

मीरा रोडचं बनावट कॉल सेंटर प्रकरण साखळीचं. ऑक्टोबर २०१६, तेव्हा मीरा रोड ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतं. एका रात्रीत सातशेच्या आसपास पोरापोरींना ताब्यात घेतलं. अमेरिकेच्या करखात्यातून बोलतोय असं सांगून तिकडच्या म्हाताऱ्यांना घाबरवायचं आणि गिफ्ट कार्डाचे नंबर काढून घ्यायचे. फोन करणारा वेगळा, नंबरांच्या याद्या विकणारा वेगळा, अमेरिकेत पैसे गोळा करणारा वेगळा, हवाला वेगळा. त्या इमारतीतल्या बहुतेकांना आपल्या टेबलापलीकडचं काही माहीत नव्हतं. अशी साखळी तुम्ही मधे तोडलीत तर दोन्ही टोकं शाबूत राहतात आणि नवी कडी शोधायला लागतात.

तिसऱ्या घडणीचा नेहमीचा दाखला मेक्सिकोतल्या झापातिस्तांचा. १ जानेवारी १९९४, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी चियापास प्रांतातल्या आदिवासींनी बंड केलं, काही गावं ताब्यात घेतली. लष्कर उतरलं. तरी बाराव्या दिवशी सरकारला युद्धबंदी जाहीर करावी लागली, कारण तोवर जगभरातले मानवाधिकारवाले, चर्चवाले, विद्यार्थी, पत्रकार तिकडे धावले होते. जंगलात लॅपटॉप घेऊन बसलेला बंडखोर ही नंतर रंगवलेली गोष्ट. प्रत्यक्षात कागदावरचं पत्रक शहरात जायचं, वर्तमानपत्रात छापून यायचं आणि दुसराच कोणीतरी ते टाइप करून ईमेलने पुढे ढकलायचा. त्या ढकलणाऱ्याला कोणी हुकूम दिलेला नव्हता. १९९९च्या ३० नोव्हेंबरला सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेचा उद्घाटन सोहळा होऊ शकला नाही तोही याच पद्धतीने: छोटे छोटे गट, प्रत्येकाने आपापला चौक अडवलेला, आणि पोलिसांना पकडायला नेता सापडेना.

पण मेक्सिकोला कशाला जायचं? २० ऑगस्ट २०२४ तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरकर रुळांवर उतरले. जवळजवळ दहा तास लोकल बंद. त्या लोकांना मी कुठल्या गटात घालत नाही. तो आईबापांचा संताप होता आणि रास्त होता. फक्त त्याचा आकार बघा. मंत्री गिरीश महाजन समजूत काढायला स्टेशनात आले, पण समजूत काढायची कोणाची? आंदोलनाला ना अध्यक्ष होता, ना शिष्टमंडळ. एकाने मान हलवली असती तरी शेजारचा त्याला बांधील नव्हता. सरकारी यंत्रणा बोलणी करायला शिकलेली असते ती समोर खुर्ची असलेल्या माणसाशी. खुर्चीच नसेल तर तिच्याजवळ दोनच गोष्टी उरतात, आणि त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही वापरल्या गेल्या: लाठी आणि इंटरनेटबंदी. आमच्या ऑफिसातला बदलापूरचा एक जण तेव्हा ठाण्यात अडकला होता. घरच्यांशी बोलणं होईना म्हणून तो रात्री उशिरा रिक्षा बदलत बदलत घरी गेला. जाळ्याला थांबवायला तार कापली की ती सगळ्यांचीच कापली जाते.

तेव्हा सेनापती कोण, याला माझं उत्तर असं: बऱ्याचदा नसतो, पण खांब असतात. पैसा कुठून येतो, साधनं कोण बनवतो, बसायला जागा कोण देतो आणि गोष्ट कोण रचतो. हे चार खांब शोधले की गटाची कुंडली मांडता येते. बाकी घोषणा, लोगो, मुखवटे सगळं सजावट.

आता तिसरा प्रश्न, संपत का नाहीत. इथे व्याख्यानांतून लोकांना हटकून गनिमी कावा आठवतो. मला ती तुलना पटत नाही. महाराजांकडे गड होते, कारखाने होते, हेरखातं होतं, हुकूम होता. ते राज्यच होतं. जवळचं उदाहरण हवं असेल तर पेंढारी घ्या. पेंढाऱ्यांना पगार नसे. मराठा सरदारांच्या फौजांबरोबर फिरायचं, शत्रूचा मुलूख लुटायचा, लुटीतला वाटा द्यायचा. गरज असेल तेव्हा ते आपले, अडचण आली की ‘आमचा त्यांचा संबंध नाही’. आज ज्या हॅकर टोळ्या एखाद्या देशाच्या बाजूने लढतात आणि तो देश कानावर हात ठेवतो, त्यांचा करार याहून वेगळा नसतो. आता त्यांना संपवलं कसं ते बघा. १८१७ साली इंग्रजांनी लाखाच्या वर फौज उतरवली, पण नुसतं घोड्यांच्या मागे धावून भागणार नव्हतं. त्यांनी आधी आसरा तोडला. त्या नोव्हेंबरात दौलतराव शिंद्यांना तहात बांधलं, अमीरखानाला टोंकची नवाबी देऊन बाजूला काढलं. पेंढाऱ्यांचा म्होरक्या करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. दुसरा म्होरक्या चितू शरण येईना. तो रानोमाळ पळत राहिला आणि शेवटी वाघाने खाल्ला. ज्याचा आसरा गेला त्याला वाघही पुरतो. (हे वाक्य परीक्षेत लिहू नका.)

आताच्या टोळ्यांवर जे काही चाललंय तेही याच धर्तीचं. लॉकबिट ही खंडणीखोर टोळी घ्या. फाइली कुलूपबंद करण्याचं सॉफ्टवेअर ती भाड्याने देई. हल्ला दुसराच करी, खंडणीतला साधारण पाचवा हिस्सा टोळीला, बाकी हल्लेखोराला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी इतर देशांना घेऊन त्यांची साइट ताब्यात घेतली. सर्व्हर तर जप्त केलेच, पण मला भावली ती वेगळीच गोष्ट. भाडेकरू लॉगिन करायला गेले की त्यांना पोलिसांचा निरोप दिसे, त्यांच्याच टोपणनावाने हाक मारून. टोळीचा मुख्य माणूस कोण हे मे महिन्यात जाहीर करून टाकलं. टोळीने आठवड्याभरात नवी साइट उभारली होती, पण भाडेकरूंचा भरवसा उडाला तो उडाला. यंत्रं विकत घेता येतात. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या चोरांमधला विश्वास नव्याने बसवणं महाग पडतं.

कॉन्टी टोळीचं तर घरातूनच फुटलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी रशियाच्या बाजूने पत्रक काढलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचे आपापसातले साठ हजारांवर निरोप जगासमोर आले. आम्ही जेवणाच्या सुट्टीत ते भाषांतर करून वाचत होतो. पगार उशिरा झाला, सुट्टी मिळेल का, नवा मुलगा नीट काम करत नाही. आमच्याच एचआरचे मेल वाचतोय असं वाटत होतं. ज्या गटात युक्रेनचा आणि रशियाचा माणूस एकाच टेबलावर कमावत होते, त्या गटाने झेंडा उचलला आणि काही महिन्यांत तो विखुरला.

मात्र आसरा तोडायचा तर तो कोणाचा हे ठरावं लागतं, आणि तिथे गाडी अडते. २७ जून २०१७ ला इथेच, न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं एक टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या नावाचा विषाणू. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि जगभर गेला. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. दिसायला अगदी खंडणीखोराचा, पैसे भरा आणि फाइली घ्या. पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने तो रशियाच्या लष्कराचा ठरवला. राज्याने टोळीचा वेष घेतलेला. म्हणून ‘बिगर-राज्य’ हा शब्द वाचताना त्यामागे कोणी उभं आहे का, हे मनात विचारत जा.

उलटंही होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीने चीनशी संबंधित गट आपल्या वीजयंत्रणेत शिरल्याचा अहवाल दिला. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. तुम्ही त्या गटाच्या जागी असता तर काय केलं असतं? मी तरी गप्प बसलो असतो. काहीही न करता श्रेय मिळत होतं.

नवी मुंबईतला आणखी एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. २६ जुलै २००८, अहमदाबादचे साखळी स्फोट. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना इंडियन मुजाहिदीनच्या नावाने ईमेल गेला. माग काढत तपास आला कुठे, तर सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचा कटाशी संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, एवढंच. स्फोटांत वापरलेल्या गाड्याही नवी मुंबईतून चोरलेल्या निघाल्या. म्हणजे अहमदाबादच्या हल्ल्यासाठी इथली चाकं, इथली तार, आणि इथल्या कोणालाच पत्ता नाही. मी तेव्हा वाशीत लोकांच्या घरी मोडेम बसवत होतो. पुढचे पंधरा दिवस फोन थांबेनात: “दादा, आमच्या वाय-फायला कुलूप घालून द्या.” दीडशे रुपये घेत होतो. एका आजोबांनी पासवर्ड म्हणून स्वतःचंच आडनाव ठेवलं आणि तो विसरू नये म्हणून दारावरच्या पाटीखाली चिकटवला.

अशा गटांना लागणारी साधनं त्यांची स्वतःची नसतात, ती आपल्याकडून उसनी घेतलेली असतात. वाय-फाय, जुनं प्लगइन, टीव्हीचं प्रक्षेपण, आणि सगळ्यात स्वस्त, आपला अंगठा. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार असे एसएमएस फिरले आणि बेंगळुरू, पुण्यातून हजारो मुलं गाड्या भरभरून गावी पळाली. सरकारला एका वेळी पाचच एसएमएस अशी मर्यादा घालावी लागली. १ जुलै २०१८ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. राईनपाड्यात मागे कोणी गट नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटते. गटाला जे करायला पैसे लागतात ते तिथे फुकटात झालं.

सरकारने काय करावं यावर फार लांबण लावत नाही. एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायची सक्ती आहे, नोंदी १८० दिवस भारतात जपायच्या आहेत. नियम चांगला आहे. पण कळवणं खालून वर जातं, आणि हल्ला आडवा पसरतो. आमच्याकडे एका रात्री पहलगाम हल्ल्याच्या नावाची पीडीएफ जोडलेला मेल आला. तसे मेल सरकारी माणसांना पाठवून हेरगिरी करण्याचं काम पाकिस्तानशी जोडला जाणारा एपीटी ३६ गट करत होता, पुण्याच्या सेक्राइट प्रयोगशाळेने ते तेव्हा उघड केलं. या गटाचा ना झेंडा ना चॅनेल. माझी झोप उडते ती अशांमुळे. ती फाइल आम्हाला ओळखता आली कारण ऐरोलीच्या दुसऱ्या एका सॉकमधल्या मुलीने तासाभरापूर्वी आमच्या पोराला खाजगीत त्या फाइलची ओळखखूण पाठवली होती. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. कागदोपत्री तिने ते करायला नको होतं. दोघं एकाच कॉलेजात होते, म्हणून केलं. आर्किला-रॉनफेल्ट म्हणत होते की जाळ्याशी लढायला जाळंच लागतं. आमच्याकडे ते जाळं सध्या कॉलेजच्या ओळखींवर चालतं, आणि ते अधिकृत कधी होणार हे विचारायला मी तीन बैठकांत हात वर केला आहे.

शेवटी, त्याच मे महिन्यातली आमच्या सोसायटीतली गोष्ट. रात्री पावणेबाराला ग्रुपवर आमच्या सेक्रेटरी काकांचा निरोप: पाकिस्तानने ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ सोडलाय, उघडला की मोबाइल खलास, आणि एटीएम तीन दिवस बंद राहणार, पैसे काढून ठेवा. पहिली अफवा कित्येक वर्षं जुनी, फक्त दर वेळी शत्रू बदलतो. एटीएमची तर सरकारने त्याच दिवशी खोटी म्हणून सांगितली होती. ग्रुपवर लिहिलं असतं तर काकांचा अपमान झाला असता आणि वाद पेटला असता, म्हणून सरळ फोन केला. काका भले माणूस, लगेच निरोप काढून टाकला. पण तोवर तो त्यांच्या भजनी मंडळात आणि गावच्या ग्रुपवर गेला होता. म्हटलं, “काका, तुम्हाला कोणी पाठवला?” मग दोघं माग काढत बसलो. काकांना कोपरीच्या व्याह्यांकडून, व्याह्यांना त्यांच्या ऑफिसातल्या माणसाकडून, त्याला बेलापूरच्या बहिणीकडून. बहिणीला फोन लावला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. तिच्या ग्रुपवर तो एका अनोळखी नंबरवरून आला होता, त्यापुढे वाट संपली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आपण निरोप काढून टाकतो म्हणाली, आणि मग दबक्या आवाजात विचारलं, “पण दादा, हे मघाशी बारा हजार काढून आलेत. ते आता परत भरायचे का?”